धुतल्या मुळांचं गवत

गवत रोवलं त्या दिवशी तलावात मी होती, माही मोठी जाऊ होती, माही सून होती अन् आमच्या ढिवर मोहल्ल्यातल्या बाकी बाया होत्या. कॉलेजात शिकवणारी एक बाई आमचं काम पाहाले आलती, ते पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभी होती. माहा पोरगाबी होता, पन तो पाण्यात नाई उतरला. पाळीवर बसून बिडी वढत होता.

आमचा तलाव नागभीडकडचा. नवरा गेल्यावर त्याच तलावाच्या मासोळ्या टोपलीत घेऊन गावोगाव फिरली अन् पोरगा वाढवला. रडत बसाले टाइम नव्हता.

मंग जलकुंभी आली, तिले जलपर्णीबी म्हणतात. कुठून आली कोनाले ठाऊक. जांभळं फूल, दिसाले चांगलं, तर पयले पयले आमी देवाले वाह्यलं. पाहता पाहता पुरं पाणी झाकलं. खाली अंधार. पाण्याखाली आमचं जुनं गवत होतं, पट्टीवाणी लांब, त्यात मासोळी अंडी घाले. ते सडलं. चिखल काळा पडला, पाय टाकला का सडल्या अंड्याचा वास ये. जाळ्यात मासोळी कमी, कुंभीच्या मुळ्याच जास्त.

पोरगा म्हणे मिरची तोडाले तेलंगणात जातो, जमलं तर तिकडच राह्यतो. मी म्हटलं, नोको जाऊ. तो म्हणे, "तलावात गवत दिसू दे माय, मंग थांबतो."

उन्हाळाभर आमी बायांनी कुंभी उपसली. हाताची सालं निघाली. मंग माह्या माहेरच्या तलावातून जुनं गवत आणलं, पोत्यात भरून.

आता आमी साऱ्या धानाच्या रोवण्याले जाणाऱ्या बाया. पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, उपटले का मुळाचा चिखल धुवाचा अन् पेंडी बांधाची, हेच हाताले माहीत. गवताचंबी तसंच केलं. मुळं पांढरीफट होईपर्यंत पाण्यात हिसळली. जाऊ म्हणे, "माह्या लग्नात माहे पाय एवढे नाई धुतले कोनी." कॉलेजातली बाईबी म्हणाली, चांगलं चाललं. मंग वाकून, मागं मागं सरकत, वळीनं गवत रोवलं.

पोरगा पाळीवरून म्हणे, "माय, कापाले कधी येऊ?"

साऱ्या हासल्या. मी नाई हासली.

तवापासून मले घरात बसवेना. भाकर तव्यावर टाकली का वाटे, जाऊन पाहून यावं. पाण्यात हात घालो, गवत चाचपो. पयले ताठ लागे. मंग गुळगुळीत लागाले लागलं. मंग हातातच सुटून ये. एक दिवस गवताची पुरी वळ तरंगत दिसली. पोरानं पाहिलं. पिशवी भरली. मी सुकी मासोळी बांधून देली अन् तो गेला.

तरी मी तलावावर जातच राह्यली. एका कोपऱ्यात, सांडव्याजवळ, एक झुबका हिरवा दिसला. इथी तर आमी रोवलंच नव्हतं. जाऊले इचारलं तर ती म्हणे, कंबर दुखत होती व, पोत्यात उरलेलं तसंच ओतून देलं, कोन धूत बसन.

कॉलेजातल्या बाईनं सडल्या वळीचा अन् हिरव्या झुबक्याचा, दोन्हीकडचा चिखल बाटलीत भरून नेला. मंग येऊन सांगतलं का जुन्या गवताच्या मुळाशी बारीक जीव राह्यतात, डोळ्याले दिसत नाई. ते चिखलातलं जहर खातात अन् मूळ जगवतात. कुंभी सडली तिथी दुसरेच जीव बसले, जहर करणारे. आमी मुळं धुतली, तर मुळाचे सोबतीच धुऊन टाकले. तिलेबी आधी हे सुचलं नव्हतं, म्हणे.

मी इचारलं, "दुधाले विरजन लागते, तसं?"

"तसंच समजा, आजी."

मंग पुन्हा माहेरी गेलो. या खेपेले गवत चिखलाच्या गोळ्यासकट घमेल्यात आणलं, वरून ओलं पोतं झाकलं. धुतलं नाई. तसंच दाबलं. जाऊ दिवसभर आपली कंबर मिरवत होती. काही ठिकाणी सडलं, काही ठिकाणी धरलं.

मिरची सरल्यावर पोरगा आला. हाताची आग होत होती त्याच्या. चहा न घेता तलावात उतरला, पायानं गवत चाचपत मधात गेला. बारीक मासोळी त्याच्या पायातून पळाली. बाहेर येऊन म्हणे, "एक साल पाहतो, माय." मी बरं म्हटलं अन् चहा ठेवला.

काल त्याच गवतात मले कुंभीचं एक रोप दिसलं, तळहाताएवढं. बाहेरगावचे लोक ओलं जाळं घेऊन उतरले होते, त्याच्यासंगच आलं असन. उपटून पाळीवर उन्हात टाकलं. तवापासून चार खेपा जाऊन आली, आणखी कुठी हाय का ते पाहाले. पोराले अजून सांगतलं नाई.

वाचणाऱ्या भाऊ, बाई, एका तलावातून दुसऱ्या तलावात जासान, तर जाळं झटकून, उन्हात पुरं वाळवून मंगच उतरा.