अण्णाच्या राहुटीच्या जागी तीन दिवस

माझा थोरला भाऊ अण्णा जंगलखात्यात मोजणीच्या कामावर होता. दर हिवाळ्यात त्याचे पत्र येई : "पेठच्या बाजूला राहुटी ठोकली आहे. चार दिवस ये. असे जंगल तू पाहिले नसशील." मी शाळामास्तर. कधी परीक्षेचे पेपर, कधी सर्दी, असे करत तीन हिवाळे टाळले. चौथा आलाच नाही. गेल्या भाद्रपदात अण्णा तिथेच तापाने गेला. ओढ्यांना पूर होता. निरोप नाशिकला पोचला तेव्हा तिकडे सर्व उरकले होते. कचेरीच्या पत्रात एक ओळ होती : "अंतसमयी जवळ कोणी नव्हते."

आई त्याबद्दल फार बोलत नसे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच विचारी, "शेवटी त्याच्या तोंडात पाणी कोणी घातलं असेल हो?" याचे उत्तर कोण देणार? म्हणून नाताळच्या सुटीत मी निघालो. जंगल पाहणे हे निमित्त होते. पण ते इतके पाहण्यासारखे निघाले की, ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी नीट लिहावे असे वाटले.

राखीव जंगलात मुक्कामाला परवानगी लागते. अर्ज आठ दिवस आधी द्यावा. राहुटी मला अण्णाच्या एका सहकाऱ्याने उसनी दिली. दोन घोंगड्या, तांदूळ, डाळ, कंदील आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या घेतल्या. निघताना आईने फिरकीचा तांब्या गोदागंगेच्या पाण्याने भरून हातात दिला.

"थोडं त्याच्या जागेवर शिंपड. उरलेलं तू पी. तिकडचं पाणी तोंडात घालू नकोस."

पेठची मोटार सकाळी सुटते. भाडे माफक आहे, पण पुढची जागा मिळाली तर बरी, मागे धुळीने केस पांढरे होतात. माझ्या शेजारी कापडाचे भलेमोठे गाठोडे घेऊन पेठच्या बाजाराला निघालेले एक मुसलमान व्यापारी होते. त्यांनी विचारले म्हणून मी मास्तर आहे एवढेच सांगितले. रामशेजचा किल्ला उजवीकडे मागे पडला, चढ लागला आणि मोटार कण्हू लागली.

"चाचा," ड्रायव्हर म्हणाला, "तुमचं गाठोडं खाली टाका, गाडी आपोआप चढंल."

"गाठोडं उतरलं की मीही उतरलो. मग तुझ्या गाडीत उरलं कोण? हे मास्तर. ते तर बोलतही नाहीत!"

सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

पेठच्या अलीकडे करंजाळीला उतरलो. तिथे कळवल्याप्रमाणे लहानू वाट पाहत उभा होता. हा तिथल्या डोंगरातल्या कोकणा जमातीचा शेतकरी. दोन वर्षे तो अण्णाच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "चालनं त्येंच्यासारकंच हाय." मग बैलगाडीत सामान टाकले आणि आम्ही पायी निघालो. वाट दोन तासांची आहे, पायांत जाड वहाणा हव्यात.

जंगलाची हद्द लागते तिथे शेंदूर फासलेला लाकडी वाघदेव आहे. पुढे जाणारा प्रत्येकजण त्याच्यासमोर हिरवी डहाळी टाकतो. लहानूने टाकली, मग मला एक तोडून दिली. "मोजनीसायबबी टाकीत. म्हनत, लहानू, वाघानं आपल्याला वळखलं पायजे."

त्यापुढे मी नुसता पाहत चाललो. साग, ऐन, शिसव यांची उंच सरळ खोडे, आणि सागाची मोठी पाने वाळून एकेक खाली येताना कोणी पत्रावळी टाकावी तसा आवाज. हिरव्या पारव्यांसारख्या हरोळ्यांचा अख्खा थवा एका उंबरावर बसलेला, पण पानांत असा मिसळलेला की उडाला तेव्हाच कळला. हवा थंड आणि इतकी स्वच्छ की पलीकडच्या डोंगरावरची झाडे मोजता यावीत. अण्णाच्या पत्रांत मला जे वाढवून लिहिलेले वाटे, ते त्याने कमीच लिहिले होते.

राहुटीची जागा ओढ्याच्या वर एका सपाटीवर आहे. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून अण्णाने भोवती चर खणून दगड लावले होते. चौकोन अजून तसाच होता. मी त्यात गंगेचे पाणी शिंपडले. लहानू टोपी काढून लांब उभा राहिला. मग त्याने एकट्याने राहुटी उभी केली, खाली हातभर वाळले गवत अंथरले आणि वर घोंगडी टाकली. इतकी सुखाची गादी माझ्या घरी नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. लहानू लाकडे आणी, चूल मांडी, तांदूळ निवडून देई. पाण्याला मात्र हात लावत नसे. "पानी तुमी घ्या, सायब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला विचारले, "शेवटी तू होतास का रे जवळ?"

"मी पेठंला डाक्टर आनाया गेलो व्हतो. वढा उतरंना. दुसऱ्या दिशी आलो तं..." आणि तो चुलीतले लाकूड उगीच पुढेमागे करू लागला.

"मग जवळ कोणी नव्हतं?"

"नाय." त्याने मान वर केली नाही.

त्या दिवशी मी एकटाच कड्याच्या धारेपर्यंत भटकलो. पश्चिमेला डोंगरामागे डोंगर, शेवटचा आकाशाच्याच रंगाचा. पाहत बसलो, पण मनात कचेरीच्या पत्रातली तीच ओळ.

तिसऱ्या दिवशी लहानूबरोबर मोठा डोंगर चढलो. उतरताना वाळल्या गवतावरून पाय घसरला. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, पण तांब्या खडकावर आपटला, फिरकी निघाली आणि आईने दिलेले पाणी वाहून गेले. ऊन वर आले होते. पायथ्याशी लहानूचे घर. त्याची बायको मंजुळा खळ्यात नागली पाखडत होती.

"बाई, प्यायला पाणी द्या," मी म्हणालो.

ती सुपासकट थांबली. नवऱ्याकडे पाहू लागली.

"नगं सायब," लहानू घाईने म्हणाला, "वढा जवळच हाय. आमच्या हातचं..."

"मला आत्ताच हवं आहे."

तिने सूप खाली ठेवले. "त्यानलाबी असंच लागलं व्हतं," ती म्हणाली.

"मंजुळे!"

"आता काय मंजुळे? भाऊ हाय त्येंचा. कवर लपवशील?" मग ती माझ्याकडे न पाहता सांगू लागली. लहानू पेठला गेला तेव्हा ती राहुटीपाशी बसून होती, दिवसभर. आत जायची छाती होईना. "सांजच्याला पानी मांगलं. मी म्हनलं, सायब, मी कोकनी हाय. ते म्हनलं, बाई, पानी दे. झऱ्याचं आनलं. डोकं मांडीवर घेतलं नं पाजलं. समदं पेलं. मंग निजलं, ते निजलंच."

लहानू खाली बसला होता. "कचेरीतलं लोक लिवून घ्याया आलं तवा मीच म्हनलं, कोन नव्हतं. तुमची म्हातारी म्हनंल, जाताजाता पोराचा धरम बाटवला."

मंजुळेने घरामागच्या झऱ्याचे पाणी आणले, पळसाचे पान दुमडून काडी टोचली आणि द्रोण माझ्यापुढे धरला. तिने लहानूकडे एकदा पाहिले, पण हात मागे घेतला नाही. मी प्यालो. दुसऱ्यांदा मागून प्यालो.

त्या दुपारी जेवणही तिच्याकडेच झाले. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, उडदाचे वरण. तिकडे गेलात आणि कोणी आग्रह केला तर नाही म्हणू नका. मी वाचकांना पाणी उकळून न्या असे सांगायला हवे, आणि सांगतो. कोयनेलही विसरू नका. मार्गशीर्ष-पौषात जा, पावसाळ्यात मुळीच नको.

परतीच्या मोटारीत मी आईला काय सांगावे याचाच विचार करत होतो. ती सोवळ्याची. लहानूची भीती खोटी नव्हती. घाटात ठरवले, सांगायचे नाही. मखमलाबादपाशी पुन्हा ठरवले, सांगायचे.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी रिकामा तांब्या तिच्याजवळ ठेवला आणि सगळे सांगितले. मंजुळेचे नाव, तिची जात, मांडीवर घेतलेले डोके, काहीही न गाळता. आईचे बोट ताटात एका खड्यावर थांबलेले होते.

मग म्हणाली, "पाणी गार होतं का रे?"

"फार गार होतं," मी म्हणालो. "मी प्यालो ना."

तिने तो खडा उचलून बाजूला टाकला आणि डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर तिने तो प्रश्न कोणालाही विचारला नाही.