एकदाच विचारायचं

आम्ही जर्मनीत राहायला गेलो त्याला अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत घरी किती पाहुणे येऊन गेले ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या गावाजवळचा नदीकाठचा किल्ला मी इतक्यांदा चढले आहे की तिकीटखिडकीवरची बाई मला गाइड समजते. नवऱ्याचे मित्र बायकापोरांसकट आले. चुलतबहीण आली. जालन्याच्या ओळखीच्यांची शिकायला आलेली लेक ‘चार दिवसांसाठी’ म्हणून आली आणि खोली मिळेपर्यंत सात आठवडे राहिली. प्रत्येकाला वाटायचं, आपण सुट्टीवर आहोत म्हणजे हीसुद्धा सुट्टीवरच आहे. सोफ्याचा पलंग करायचा, पलंगाचा पुन्हा सोफा करायचा, चादरी धुवायच्या आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर व्हायचं. वर ‘तुझं काय बाई, मजा आहे’ हेही ऐकून घ्यायचं. मला पाहुण्यांचा राग यायचा आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटायची. दोन्ही मिळून थकवा दुप्पट व्हायचा.

पहिली काही वर्षं मी माहेरच्यासारखंच वाढायचे. माझं माहेर जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावपासून चार-पाच किलोमीटरवर. तिकडे जेवणाऱ्यानं ‘बस झालं’ म्हटलं की वाढणाऱ्याचं खरं काम सुरू होतं. पहिलं ‘नको’ कुणी मनावर घेत नाही. दुसऱ्या ‘नको’ला अर्धी भाकरी ताटात पडते. तिसऱ्या वेळी माणूस ताटावर आडवा हात धरतो, तेव्हा कुठे त्याचं पोट भरलंय असं मानायचं. पहिल्याच फेरीला ‘हो, वाढा’ म्हणणारा हावरट ठरतो आणि पहिल्या नकारावर थांबणारी बाई कद्रू. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, येतंच.

मग ऑफिसातल्या एकीनं मला घरी जेवायला बोलावलं. तिनं भांडं पुढे करून विचारलं, आणखी घेणार का? मी सवयीनं नको म्हटलं आणि भांडं निघून गेलं. त्या दिवशी घरी येऊन ओट्याशी उभ्या उभ्याच मी वरणभात खाल्ला आणि तिला मनसोक्त नावं ठेवली. पण चार दिवसांनी वाटलं, किती सोपं आहे हे! विचारायचं, उत्तर ऐकायचं, झाकण लावायचं. त्या संध्याकाळच्या उपाशीपणातून मी शिकायला हवं होतं ते शिकले नाही, भलतंच शिकले. पुढच्या पाहुण्यांना मी पहिल्याच दिवशी हसत हसत सांगून टाकलं, या घरात एकदाच विचारतात, लाजलात तर उपाशी राहाल. तरुण मंडळींना ते फार आवडलं. माझे जेवणामागचे दोन तास वाचले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या वर्षीचे पाचवे पाहुणे. शेतात काम नव्हतं म्हणून मे महिन्यात तीन आठवड्यांसाठी आले, माय गुरांपायी घरीच राहिली. त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि माझ्यासाठी ज्वारीचं पीठ जास्त होतं. मी आधीच्या पाहुण्यांच्या चादरी नुकत्याच वाळत घातल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी ताट मांडताना त्यांनाही माझा नियम ऐकवला.

“अण्णा, इथं एकदाच विचारायचं बरं का.”

“बराबर हाय,” ते म्हणाले. “आपुन कशाला कुनाला त्रास द्यायचा.”

त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या. मी विचारलं, अजून एक वाढू? “न्हाई, बस झालं.” मी बरं म्हटलं आणि पोळ्यांचा डबा बंद केला. रोज हेच. दोन पोळ्या, एक प्रश्न, एक उत्तर. मला हायसं वाटायचं, खोटं कशाला बोलू? निदान एक पाहुणा तरी त्रास न देणारा आला. नवरा एकदा म्हणाला, “गावाकडे तर अण्णा चार भाकरी सहज खातात.” मी म्हटलं, “वय झालं, खाणं कमी होणारच.”

एका दुपारी मी घरूनच काम करत होते. पाणी घ्यायला उठले तर अण्णा फ्रिज उघडून समोर उभे.

“काय पाहिजे अण्णा?”

“काही न्हाई. बघून राह्यलो. केवढं मोठं हाय.”

“दार उघडं नका ठेवू, लाइट जळते,” असं म्हणून मी परत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

ते गावी परतल्यावर मायचा फोन आला. “लई वाळून आले गं तुझे अण्णा.” मी म्हटलं, “इथं चालणं फार होतं. किल्लासुद्धा चढले ते.”

त्याच डिसेंबरात मी एकटीच गावी गेले, चार वर्षांनी. विमान, मग जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे जीप. अंग आंबून गेलं होतं. पण रस्ताभर मनात एकच होतं की आता मला कुणालाही वाढायचं नाही. मी बसणार आणि दुसरं कुणीतरी मला वाढणार. अकरा वर्षांच्या पाहुणचारानंतर एवढं एकच सुख मला हवं होतं.

माय चुलीपुढे बसली. अण्णा आणि मी शेजारी शेजारी जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. अण्णांची दुसरी भाकरी संपत आली तशी माय म्हणाली, “घ्या, गरम हाय.”

“न्हाई, बस झालं.”

अगदी तोच आवाज, तेच शब्द. मायनं तिकडे लक्षही न देता भाकरी ताटात टाकली. अण्णांनी ती खाल्ली. पुन्हा “बस झालं”, पुन्हा अर्धी. तीही त्यांनी चवीनं, बोटं चाटत खाल्ली. माझा घास तोंडातच राहिला. एकवीस दिवस. एकवीस दिवस मी त्यांच्यासमोर डबा बंद केला होता.

“अण्णा, तुम्ही तिकडं उपाशी राह्यले का?”

“न्हाई गं. खोलीत केळं असायचं की.”

“मग मागायचं ना! काहून न्हाई मागितलं?”

“लेकीच्या घरी मागतेत का?” ते म्हणाले. मग ताटाकडे बघत, “अन तू लई थकून राह्यली व्हती बाई. तुला अजून एकदा इचारायला लावायचं म्हंजे...”

मला रडू आलं, ते मी ठेच्यावर ढकललं. माझ्या ताटातली भाकरी संपली होती. पोटात अजून आग होती, दोन दिवसांची.

“भाकर वाढू का बाई?” मायनं विचारलं.

“नको, बस झालं.” तोंडातून आपोआप गेलं. हात ताटावर धरलाही नव्हता.

मायनं भाकरी उचलली होती. अण्णांनी तिला खूण केली. “राहू दे. तिला आग्रह चालत न्हाई. तिकडं एकदाच इचारतेत.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. लेकीच्या घरची रीत ते मायला समजावून सांगत होते, आणि ती आपल्याला ठाऊक आहे याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मायनं माझ्याकडे पाहिलं, मग भाकरी दुरडीत ठेवली आणि वर फडकं झाकलं.

मी ताटातला उरलेला ठेचा बोटानं निपटून खाल्ला. मग हात धुवायला उठले. ‘बस, अजून अर्धी खा’ असं कुणी म्हणालं नाही.