शालूची गुंडाळी

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक पाप असं असतं, की ते चितेवर आपल्याबरोबरच जळून जावं असं त्याला वाटतं. माझ्या पापाबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही — बायकोजवळ नाही, देवाजवळ नाही. आज तुम्हाला सांगतो. ते कपड्यांच्या घड्यांबद्दल आहे.

हसू नका. किंवा हसा — मीही त्यावर पुष्कळ वर्षं एकटाच हसत आलोय.

आमच्या कडावात, आणि आता पार कळंबपर्यंत, मी बॅग भरणारा माणूस म्हणून ओळखला जातो. कर्जतच्या एका वाचनालयात मी उभं आयुष्य पुस्तकं सांभाळली, ते कुणाच्या ध्यानातही नाही. पण कुणाची मुलगी सासरी निघाली, कुणाचा मुलगा दुबईला चालला, की निरोप येतो — भाऊंना बोलवा, त्यांच्या हातच्या बॅगेत कापडाला सुरकुती पडत नाही. मी जातो. चहा घेतो. दोन शब्द बोलतो. दोनाचे दोनशे होतात. लोक याला ‘भाऊंची पद्धत’ म्हणतात.

पद्धत माझी नाही. पण थांबा — हे छोटं पाप झालं. मोठं अजून यायचंय.

माझ्या पुतणीचं, सुजाताचं लग्न होतं. हॉल खालापूरच्या बाजूला, मुलाकडच्यांच्या सोयीचा. त्याच सुमारास मी एका मासिकात वाचलं होतं की घडी घालणं हे अज्ञान आहे. कपड्याची गुंडाळी करावी, मध्ये कागद घालावा. जन्मभर पुढाऱ्यांच्या भाषणांना नाक मुरडणाऱ्या माणसानं मासिकाच्या एका पानापुढे मान तुकवावी? तुकवली. वहिनीला म्हणालो, शालू मी भरतो.

वहिनी म्हणजे सुजाताची आई, माझ्या थोरल्या भावाची बायको. तो शालू तिनं स्वतः निवडला होता, दुकानदाराला तीन कपाटं रिकामी करायला लावून.

“भाऊजी, शालू ऱ्हाऊ द्या माझ्याकडं,” ती म्हणाली. “पैठणी भरा, हवी तर.”

“वहिनी, यात शास्त्र असतं.”

हे माझं वाक्य. अजूनही आठवलं की कानशिलं तापतात.

पतपेढीच्या सभेत वाटलेल्या दोन सारख्या निळ्या बॅगा घरात होत्या. एकीत मी शालू वर्तमानपत्रासकट सतरंजीसारखा आवळून गुंडाळला. दुसरीत वहिनीनं संध्याकाळी नेसायची पैठणी ठेवली — जुन्या मऊ लुगड्यात, प्रत्येक घडीच्या पोटात टॉवेलची सैल वळकटी घालून, म्हणजे कड मोडत नाही. मी दोन्हींवर भरणाऱ्याच्या नावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या — एकीवर माझं, एकीवर वहिनीचं. ग्रंथपालाला चिठ्ठीशिवाय चैन पडत नाही. सकाळी टेंपोत वहिनी आपली बॅग मांडीवर घेऊन बसली. मला जागा उरली नाही. मी माझ्या बॅगेवर बसलो. कडावपासून हॉलपर्यंत.

हॉलवर बँड वाजला आणि सगळे नवरदेव बघायला धावले. खोलीत मी एकटा. बॅग उघडली. शालू पिळून टाकलेल्या फडक्यासारखा झाला होता. आतल्या फॉलवर एका पुढाऱ्याचं आश्वासन उलटं उमटलं होतं — ते कुणाला दिसलं नसतं, आश्वासनं तशीही दिसत नाहीत. वहिनीची बॅग उघडली. पैठणी आत्ताच दुकानातून आल्यासारखी.

मग मी काय केलं? वहिनीला हाक मारली? चूक कबूल केली?

चिठ्ठ्या बदलल्या.

आमची अक्का, सगळ्यांत मोठी बहीण, विहीणबाईंना घेऊन आत आली आणि बॅगा तिनंच उघडल्या. “सुनंदे, पोरीचा शालू असा भरतात काय गं? चुलीत घालायचा बोळा केलास! आमच्या भाऊचं काम बघ. बाप्या मानसाला जमतं नि तुला जमत नाय?”

वहिनीनं चिठ्ठी पाहिली. वर्तमानपत्र पाहिलं. मग मला पाहिलं.

“चुकलं, अक्का,” ती म्हणाली.

तिला कळणार हे मला ठाऊक होतं. विहीणबाईंसमोर ती दिराची लाज काढणार नाही, हेही ठाऊक होतं — त्यावरच तर माझा सगळा डाव उभा होता. घाबरून चिठ्ठ्या बदलल्या म्हणू? नाही. हिशोब करून बदलल्या. तिच्या चांगुलपणाचा.

मुहूर्त तोंडावर आला होता. सुजाता पैठणी नेसूनच बोहल्यावर उभी राहिली. लग्नाच्या एकाही फोटोत शालू नाही. तो ती पुढे कुणाच्या तरी बारशाला नेसली.

विहीणबाईंनी माझं कौतुक चार गावांत पोचवलं. निमंत्रणं येऊ लागली. वहिनीची बॅग उघडताना तिची युक्ती मी नीट पाहून ठेवली होती. तीच वापरू लागलो, तीच शिकवू लागलो. आणि वहिनी? तिनं त्या दिवसापासून एकही बॅग भरलेली नाही. कुठं निघाली की रिकामी बॅग माझ्यापुढे आणून ठेवते. चारचौघं बसलेले असताना मुद्दाम.

“तुमीच भरा बाबा, भाऊजी. मला कुठं जमतंय!”

तोंडावरची रेषही हलत नाही. जुनं लुगडं तीच देते, टॉवेलही. मी भरू लागलो की शेजारी बसून शेंगा सोलते आणि मध्येच, मान वर न करता म्हणते, “वळकटी सैल, सैल.” मी सैल करतो.

इतकी वर्षं गप्प का राहिलो? आधी भीती होती, मग सवय झाली, मग मान मिळू लागला. याहून चांगलं कारण मी शोधून पाहिलं. नाही सापडलं.

त्या संध्याकाळी हॉल सोडताना तिथल्या माणसानं खोलीतलं सामान तपासून ताब्यात घेतलं. दोन आरसे, चार खुर्च्या, एक बादली, आणि दारामागची इस्त्री.