पानमळ्यातली शपथ

आमच्या घरात देवाची कृपा व्हायची ती मोठेबाबांवर. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अंजनगाव सुर्जीला आमचा सामायिक पानमळा आहे. वेल चांगले चालले की ते ओसरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर पान ठेवत म्हणायचे, "देवाची कृपा हाये बाप्पा, अन् माया हाताले यश हाये." सकाळी सकाळी पानं खुडणारी माझी माय आणि वेल शेवरीच्या झाडाला बांधून बोटं सोलून घेणारी वहिनी, या दोघींचं नाव त्या कृपेत कधी आलं नाही. देवाला त्या दिसत असतीलही. मोठेबाबांना दिसत नव्हत्या.

याच पानांवर माझं अमरावतीचं कॉलेज झालं. घरातली पहिली पदवी माझी. आज मी अकोल्यात शाळेत शिकवते आणि त्यासाठी रोज देवाचे आभार मानते. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला नास्तिक ठरवायचं.

पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. बांधावर काढून ठेवतात. हा रिवाज मला अजूनही आवडतो. दुसरा रिवाज बायांसाठी आहे: पाळी असली की बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही, वेल सुकतात. मोठे हळवे वेल! बाईच्या पावलानं मरतात, मोठेबाबांच्या तंबाखूच्या पिचकाऱ्या मात्र बिनबोभाट पचवतात.

काही वर्षांमागे पावसाळ्यात मळ्यात पाणी साचलं. वेल बुडाशी काळे पडून माना टाकू लागले. पाणी निघून जायला जो चर असतो, तो त्या वर्षी साफ झाला नव्हता, आणि तो साफ करवून घेणं हे मोठेबाबांचं एकमेव काम होतं. पण चर बुजला म्हणून देव कोपला, असं आजवर कुणी ऐकलंय?

"देव उगाच नाही कोपत," मोठेबाबा ओसरीत म्हणाले. "कोणाचं तरी पाऊल चुकलं हाये."

सगळ्यांच्या नजरा वहिनीकडे वळल्या. ती अकोल्याची, लग्न होऊन तीनच वर्षं झालेली, आणि तिला तोंड होतं. एवढा पुरावा आमच्याकडे पुरतो. ठरलं ते असं: मळ्यातल्या शेंदराच्या दगडावर हात ठेवून, त्या दिवसांत आत गेले नाही, अशी शपथ तिनं घ्यायची. नाही घेतली तर माहेरी जायचं, आणि मग तिला आणायला कुणी जाणार नाही.

"माया पाळीच्या तारखा मी ओसरीत सांगू का?" वहिनी म्हणाली. "मी काही शपथ-बिपथ नाही घेत."

दादा जमिनीकडे बघत बसला. तिचा नवरा तो, माझा सख्खा भाऊ. बाबा सुपारी कातरत होते. त्या दिवशीची सुपारी फारच कडक असावी. मी सुट्टीवर घरी आले होते. म्हटलं, "मोठेबाबा, चर बुजलाय, पाणी साचलंय."

"तू शिकलेली हायेस ना? मंग शाळेत सांग."

सगळी वरात मळ्याकडे निघाली. बांधावर चपलांची रांग लागली. वहिनी आपली बॅग भरूनच घेऊन आली होती. ती बॅग खाली ठेवून बांधावरच उभी राहिली. कुणी तिला आत ढकलेना, कुणी थांबवेना.

तेव्हा माय पुढे झाली. लग्न होऊन आल्यापासून तिनं थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता आणि तोंड उघडलं नव्हतं. पदर होता तसाच राहिला. तिनं दगडावर हात ठेवला.

"भाऊजी, तिले कावून इचारता? मले इचारा. मी जात होती. दर महिन्याले जात होती. पोरगी अमरावतीले शिकत होती तवाबी गेली, अन् तुमी ओसरीत देवाची कृपा सांगत होते तवाबी गेली. मंग तवा कावून नाही सुकले वेल?"

"बाई, देवावर हात हाये तुया!"

"म्हणूनच ठेवला."

मोठेबाबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मी डोळे भरून पाहिलं. माय खरं बोलत असेल तर इतक्या वर्षांची कृपा विटाळलेली ठरत होती. देवळात वाहिलेली पानं, गावातल्या लग्नांत मांडलेली पानं, त्यांनी स्वतः ओसरीत चघळलेली पानं, सगळी. एवढा तोटा सोसायची त्यांची भक्ती नव्हती. त्यांना एकदम चर आठवला. "उभे काय राहिले? आधी चर पाहा!" ते ओरडले. वहिनीची बॅग दादानं उचलली. तेवढं तरी त्याला जमलं.

पुढे माय माझ्याकडे अकोल्याला आली असताना मी तिला विचारलं, "खरंच जात होतीस का व?"

ती मेथी निवडत होती. "नाही व. एकदाबी नाही. भेवानं बांधाजवळबी नाही फिरकली."

"मग देवावर हात ठेवून खोटं बोललीस?"

"लेकराचं घर मोडू नये म्हणून बोलली. तेवढंबी त्याले समजत नसंल, तर मंग इतके दिवस मी दिवा लावला तरी कोणाले?" आणि मेथीची जुडी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "निवड."

माझ्या शाळेत नवी गाडी आली की 'देव चांगला' म्हणणारे आणि गाडी ठोकली की 'नजर लागली' म्हणणारे बरेच पदवीधर आहेत. मायच्या त्या दोन वाक्यांएवढा विश्वास मला त्यांच्या एकाही गाडीवरच्या लिंबू-मिरचीत दिसला नाही.

त्या वर्षी अर्धा मळा गेलाच. दिवाळीला घरात नवं कापड आलं नाही. मायचा दिवा मात्र एक दिवसही चुकला नाही. पुढे वेल परत लावले. वहिनी आता वाटेल त्या दिवशी मळ्यात जाते, चप्पल बांधावर काढून. वेल बरे आहेत, त्यामुळे मोठेबाबांवर कृपाही सुरू झाली आहे. पावसाळा तोंडावर आला की ते पाहुण्याला पान देतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, "देवाची कृपा हाये बाप्पा."

आणि स्वयंपाकघरातून मायचा आवाज येतो, "चर काढला का भाऊजी?"