बिननखांचा सूर

रोज सकाळी कामावर आली की ती दोन्ही हात माझ्यासमोर धरायची, बोटं पसरून, आणि म्हणायची, "बघा मॅडम, आहे का काही शिल्लक?"

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबी सोलून गोठवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासनीस होते. आत जाणाऱ्या प्रत्येकीची नखं बघणं हे माझं दिवसातलं पहिलं काम. नख वाढलेलं दिसलं की नेलकटर पुढे करायचा. तिच्यावर ती वेळ कधीच आली नाही. नखं इतकी कापलेली असायची, की बघून माझीच बोटं हुळहुळायची.

ती क्लासिकल गिटार वाजवते, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही तिच्यावर गिटार सोडायची वेळ आली तेव्हा. रविवारी शिकवायला येणाऱ्या सरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, उजव्या हाताची नखं वाढव, त्याशिवाय या वाद्याला आवाज नाही; वाढवणार नसशील तर पुढचं शिकवून उपयोग नाही. इकडे नखं वाढवली तर नोकरी जाणार. वडील लाकडी होड्या बांधायचे. फायबरच्या बोटी आल्या आणि त्यांची करवत भिंतीवर टांगली गेली. घर तिच्या पगारावर चालायचं.

मी हळूच म्हटलं, "हातमोजे असतातच ना. एका हाताचं मी बघितलंच नाही असं समज."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नको मॅडम. कोळंबी लोक खातात."

तपासनीस मी होते, हे तुम्ही लक्षात घ्या. पुढे दोन दिवस मी तिच्या हातांकडे पाहिलं, तोंडाकडे नाही.

त्यानंतर महिनाभराने असेल, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की कोणाला तरी विंचू चावला असं वाटलं. धावत येऊन तिने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बोटं बघा! मॅडम, याची बोटं बघा!"

एक म्हातारा गोरा माणूस अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं वाद्य मांडीवर घेऊन बसला होता. बोटांना नखं नव्हतीच. वाद्याचं नाव ल्यूट. तीन-चारशे वर्षांपूर्वी युरोपात घरोघरी वाजायचं. त्याच्या तारा जोडीजोडीने लावलेल्या असतात आणि बहुतेक वादक त्या बोटांच्या मऊ टोकांनीच छेडतात. नख मध्ये आलं तर जोडीतली एकच तार वाजते. "म्हणजे नख कापावंच लागतं," ती म्हणाली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली.

वाद्य आणायचं कुठून? वडिलांनी करायचं ठरवलं. इंटरनेटवरून काढलेला आराखडा पूर्ण मापात छापायला तिने फ्लेक्सवाला गाठला. तो फ्लेक्स अंगणात टांगल्यावर शेजारी विचारून गेले, वाढदिवस कोणाचा. वडिलांनी शिवणीच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या उष्णतेवर वाकवल्या, एकीला एक चिकटवल्या. मी बघायला गेले तेव्हा म्हणाले, "होडीत पाणी आत येऊ द्यायचं नाय, नि ह्यातनं आवाज भायेर सोडायचा. बाकी काम तेच." पहिल्या वाद्याची मान आठ दिवसांत तारांनी ओढून वाकवली. दुसऱ्याची घोडी, म्हणजे तारा पेलणारी पट्टी, सुटून त्यांच्या कपाळाला लागली. तिसरं टिकलं.

मग तिने बोटांची गिटारची सवय मोडून नवा हात बसवला. करंगळी वाद्याच्या पोटावर टेकवायची, अंगठा पुढे काढून खर्जाच्या तारांवर ठेवायचा. दिवसभर बर्फाच्या पाण्यात राहून बोटं बधिर झालेली असायची. कधी मी तिच्याबरोबर घरी गेले आणि लगेच वाजव म्हटलं की ती म्हणायची, "थांबा, बोटं अजून कारखान्यातनं आली नाहीत." गरम पाण्याच्या तांब्याला हात लावून ती बोटांची वाट बघायची.

तिला आवडलेल्या रचना तेरा जोड्यांच्या ल्यूटसाठी होत्या. वडिलांचं वाद्य आठ जोड्यांचं. पाच जोड्या कमी. तिने वहीत एकेक ओळ नव्याने मांडली. जो खर्ज मिळत नाही तो वरच्या सप्तकात घ्यायचा, पण चाल लंगडता कामा नये. एका रचनेला चार महिने लागले.

मे महिन्यात गावातल्या नाट्यगृहात तंतुवाद्यांचा कार्यक्रम झाला. तिला पंधरा मिनिटं मिळाली. ती रंगमंचावर आली, माइक बाजूला सारला आणि म्हणाली, "याचा आवाज लहान आहे. पंखे बंद कराल का?"

रत्नागिरीचा मे महिना तुम्ही भोगला असेल, तर तिने काय मागितलं ते तुम्हाला कळेल. पंखे थांबले. मागून एक गृहस्थ गरजले, "अहो, माणसं मारता काय? पंखे लावा!" तिने वर पाहिलं नाही. सुरू केलं.

आधी काही ऐकूच येईना. मग सगळे पुढे झुकले आणि ऐकू येऊ लागलं. वर नाजूक चाल, खाली अंगठ्याचा खर्ज, दोन माणसांनी शांतपणे बोलावं तसं. घाम पुसायलाही कोणी हात हलवला नाही. पहिली रचना संपली, टाळ्या झाल्या, आयोजक बटणांकडे धावले, तर तेच मागचे गृहस्थ उभे राहून ओरडले, "बंदच राहू देत हो!"

पंधरा मिनिटांची पन्नास झाली. शेवटी माणसं खुर्च्यांवरून उठली ती भिजलेल्या शर्टांनी, आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत राहिली. माझ्या शेजारी तिचे वडील बसले होते. ते टाळ्या वाजवत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून बसले होते.

त्या कार्यक्रमाला गोव्यातल्या एका संगीतशाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांनी तिला तिथल्या मुलांना शिकवायला पगारावर बोलावलं. जूनमध्ये तिने नोकरी सोडली.

निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर गेले. वडिलांनी दोन जागा आरक्षित केल्या होत्या, एक तिच्या नावावर, एक स्वतःच्या. गाडी सुटायची वेळ झाली तरी ते खालीच उभे.

कंडक्टर यादी बघत म्हणाला, "दुसरा पॅसेंजर कुठाय?"

"वर बसलाय," वडील म्हणाले. "खिडकीत."

कंडक्टरने वळून पाहिलं. खिडकीशी जुन्या चादरीत गुंडाळलेलं वाद्य टेकून बसलं होतं, आणि तिने त्याच्याभोवती हात टाकला होता. त्याने यादीवर खूण केली आणि घंटी मारली.