लागण: झालेली

सुईबाईंच्या तोंडी दोनच उत्तरं असायची. घर यादीत आहे, घर यादीत नाही. नव्वद सालच्या आसपास त्या आमच्या उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये कावीळ सर्वेक्षणाला यायच्या. किती लोकांना नकळत कावीळ होऊन गेलीय, हे रक्त तपासून शोधायचं त्यांचं काम. नाव त्यांना आम्हीच पाडलं. खरं नाव विचारावं असं कोणाला वाटलं नाही, आणि त्यांनीही आम्हाला कधी माणसासारखं काही विचारलं नाही.

दर अकरावं घर घ्यायच्या. खालच्या सिंधी दुकानदाराचं पोरगं पिवळंधमक पडलेलं, त्याचंही रक्त बघा म्हणून तो बिचारा हात जोडत होता. बाई म्हणाल्या, "आपका घर लिस्ट में नहीं है," आणि चालत्या झाल्या. यादीतल्या घराला कुलूप असलं तर मात्र भर उन्हात तीन-तीन खेपा घालायच्या. शेजारचं घर घेतलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. "सोयीचं रक्त खोटं बोलतं," म्हणाल्या. असा संताप आला होता तेव्हा. हात मात्र हलका होता, एवढं कबूल करतो. आमचं घर यादीत होतं, रक्त माझ्या बहिणीचं, नलीचं घेतलं. ती सुई बघून रडणारी, पण तिला टोचलेलं कळलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी नलीच्या निकालाची चिठ्ठी आली. त्याच आठवड्यात बदलापूरजवळच्या खरवईची मंडळी लग्नाची यादी करायला आली होती. मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात होता, नलीला मनापासून आवडलेला. मुलीची सरकारी तपासणीही झालीय म्हणत मी शहाण्याने ती चिठ्ठी न वाचताच पुढे केली. त्यावर लिहिलं होतं, 'कावीळ, लागण: झालेली.' मुलाच्या आईने चष्मा चढवून दोनदा वाचलं आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला. दोन दिवसांत नकार आला.

मी तणतणत बाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी थंडपणे समजावलं की लहानपणी कधीतरी येऊन गेली असेल, साधा ताप समजून तुम्ही विसरलात. रक्तात नुसती खूण राहते. आता नलीपासून कोणाला काही होणार नाही, आणि तिलाही ती परत व्हायची नाही. मग 'होऊन गेलेली' लिहायला काय हात मोडला होता, मी विचारलं. तर छापील फॉर्मवर म्हणे दोनच रकाने होते, झालेली आणि न झालेली. मी अक्षरशः विनवणी केली, निदान असे किती निघालेत एवढं तरी लिहून द्या, मी खरवईला दाखवतो.

"काम संपेपर्यंत आकडा सांगायचा नसतो," बाई म्हणाल्या. "उरलेली घरं मग रक्त देत नाहीत."

सहा महिन्यांनी त्या आपणहून आमच्या दारात आल्या. हातात छापील अहवाल. शहरातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना लागण होऊन गेली होती. म्हणजे मलाही झाली असणार, आणि खरवईच्या त्या चष्मेवाल्या बाईलाही. तिच्या मुलाचं लग्न लागून तोवर दोन महिने झाले होते.

नलीने अहवाल हातात घेतला नाही. शांतपणे विचारलं, "दादा तुमच्याकडे आला, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," बाई म्हणाल्या.

सबब नाही, सारवासारव नाही. नलीने दार लावून घेतलं. कोणाच्या तोंडावर दार लावायची आमच्या घरात पद्धत नाही. बाई बराच वेळ बाहेर होत्या, मला परत जाणारी पावलं ऐकू आली नव्हती. मी कडी काढायला उठलो नाही.