उर्वशीचा उभा जोड

सानगडीच्या उर्वशीच्या हातात रोवणी इतकी मुरली होती, की वेल्डिंगचा रॉड धरला तरी हात आपला मागंमागंच सरकायचा. लहानपणापासून चिखलात वाकून धान लावत मागं जायचं, दुसरं काय होणार! देवाजीकाकाजी कपाळाला हात लावायचे. "अवं बाई, रोवणी करून राहिली का? उभा जोड खालून वर भर. वरून खाली आणला त वरून चकाचक, आतून पोकळ!"

देवाजी म्हणजे तीस वर्षं वेल्डिंग करून घरी बसलेला म्हातारा. शिकायला पोरं बरीच आली, टिकली ही एकटी. आठ महिने, रोज. गावानं कमी तोंडसुख घेतलं का? "ठिणग्या उडवणारीशी लगीन कोण करन?" जिभेला काय हाड! उर्वशीला नवरा नव्हे, वरठीजवळच्या वर्कशॉपातली नोकरी हवी होती. तिथल्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. काकाजींनी शब्द टाकला म्हणून तिसऱ्यांदा बोलावलं, तेही शेवटचं.

रविवार होता, वर्कशॉप बंद. परीक्षेला एक प्लेट, एक तास. काकाजी फाटकाबाहेर चहाटपरीवर. उर्वशीनं सुरुवात केली आणि चार बोटं जोड भरल्यावर तिच्या लक्षात आलं. मेला हात वरून खाली आला होता!

परीक्षा घेणारे वर्कशॉपचे साहेब पाठमोरे. वरून दुसरा थर दिला की कोणाला कळणार? काकाजी म्हणायचे, "चुकलं त घासून काढ. त्या जोडाखाली कोणाचं लेकरू उभं राहते."

तिनं ग्राइंडर उचलला. साहेब गर्रकन वळले. "काय झालं?"

"उलटं भरलं जी. काढून राहिली."

वेळ संपली तेव्हा वरचं बोटभर रिकामंच होतं. शेजारी परीक्षा देणाऱ्या प्रफुल्लचा जोड पुरा, देखणा. साहेबांनी दोन्ही प्लेटा दाबाखाली घातल्या. प्रफुल्लची कडकन फुटली. उर्वशीची वाकली, पण तुटली नाही.

"अपुरं आहे," साहेब म्हणाले. तिचे डोळे भरून आले. "हात धीमा आहे तुझा. वेग येईल. उद्यापासून कामावर ये."

ती धावतच फाटकाबाहेर आली. काकाजींच्या चहावर साय धरली होती.

"काकाजी, मले..."

"थांब. अर्ध्यातच ग्राइंडर वाजला. हात उलटा गेला होता ना?"

"हो जी."

"अन् लपवला नाई."

म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. नोकरीचं विचारायचं त्याच्याकडून राहूनच गेलं.